न्यायमूर्ती नेमतो कोण?

• कलम 124 : सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राष्ट्रपती नेमतात. निवृत्ती वयाच्या 65 व्या वर्षी. मंजूर पदे 1950 मध्ये सरन्यायाधीशांसह 8. 2019 च्या दुरुस्तीनंतर 34.

• ज्येष्ठता : ज्येष्ठतम न्यायमूर्तीच सरन्यायाधीश, हा संकेत, घटनेत तसे लिहिलेले नाही. 1964 मध्ये ज्येष्ठतम असलेल्या इमाम यांच्याऐवजी प्र. बा. गजेंद्रगडकर आले, पण तिथे कारण प्रकृतीचे होते. इंदिरा गांधींच्या काळातले दोन प्रसंग वेगळे.

1973 : संसद घटना कुठवर बदलू शकते, यावरच्या केशवानंद भारती खटल्याचा निकाल 24 एप्रिलला. दुसऱ्याच दिवशी शेलट, हेगडे, ग्रोव्हर यांना डावलून ए. एन. रे यांचे नाव जाहीर. डावललेले तिघे बहुमताच्या बाजूचे, रे अल्पमतातले. तिघांचेही राजीनामे.

1977 : आणीबाणीतील अटकेविरुद्ध दाद मागण्याच्या हक्कावरच्या एडीएम जबलपूर खटल्यात एकट्याने विरोधी मत देणारे एच. आर. खन्ना डावलले गेले, एम. एच. बेग सरन्यायाधीश. खन्नांचा राजीनामा.

• कॉलेजियम : नेमणुकांची शिफारस करणारे न्यायमूर्तींचेच मंडळ. सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या निकालातून जन्म. 1998 पासून सरन्यायाधीश अधिक चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती. हा शब्दही घटनेत नाही.

• न्यायिक नियुक्ती आयोग : कॉलेजियमच्या जागी आणलेला, 99 वी घटनादुरुस्ती. कायदामंत्री आयोगाचे सदस्य. सर्वोच्च न्यायालयाकडून 16 ऑक्टोबर 2015 रोजी 4 विरुद्ध 1 मतांनी रद्द. विरोधी मत चेलमेश्वर यांचे.