कंपवात आणि आवाजाचा हक्क

१९ जुलै १९९६ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात ऑलिम्पिकची ज्योत पेटवायला महंमद अली पुढे आला, तेव्हा साऱ्या जगाने त्याचा थरथरणारा हात पाहिला. त्या हाताची चर्चा खूप झाली. पण एकेकाळी ज्याचे तोंड कोणालाच बंद करता आले नाही, तो अली त्या सोहळ्यात काहीच बोलला नाही, याची चर्चा तेवढी झाली नाही. कंपवात म्हणजे पार्किन्सन हा आजार लोकांना हाताच्या कंपावरून ओळखता येतो. तो माणसाचा आवाजही खाऊन टाकतो, हे मात्र घरच्यांनाही उशिरा कळते.

अलीचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. गुलामगिरीची खूण म्हणून जुने नाव टाकून देणारा, नवे नाव साऱ्या जगाच्या तोंडी बसवणारा आणि १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धावर जायला ठाम नकार देणारा हा मुष्टियोद्धा. त्याचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला, साडेतीन वर्षे त्याला रिंगणात उतरू दिले नाही. त्या काळात तो महाविद्यालयांतून भाषणे करीत फिरला आणि त्यावर कमाई केली. हात बांधले गेले तेव्हा त्याला जगवले ते त्याच्या जिभेने!

आणि तीच जीभ पुढे मंदावली. २०१७ साली अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी १९६८ ते १९८१ या काळातल्या त्याच्या जुन्या मुलाखती तपासल्या. या काळात त्याच्या बोलण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला होता. आजाराचे निदान झाले १९८४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. म्हणजे डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगण्याच्या आधीच त्याचे बोलणे खूण देत होते. मुष्टियुद्धातील ठोशांचा यात किती वाटा, हा वाद वेगळा. तो इथे बाजूला ठेवू.

या आजारात मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. कोणती हालचाल किती मोठी करायची, याचे मेंदूतले माप बिघडते. म्हणून पाऊल लहान पडते, हात चालताना हलत नाही, अक्षर बारीक होत जाते (पेन्शन काढायला गेलेल्या म्हाताऱ्याची सही बँकेत जुळत नाही ती यामुळेच!) आणि आवाजही लहान होतो. छातीतून पुरेसा श्वास बाहेर येत नाही, स्वरतंतू नीट मिटत नाहीत, ओठ आणि जीभ अर्धवट हलतात. आवाज बसका, एकसुरी होतो. कधी बोलता बोलता शब्द एकावर एक आदळतात. दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांना कधी ना कधी हा त्रास होतो.

यातली सर्वांत फसवी गोष्ट पुढेच आहे. आपला आवाज खाली गेला आहे, हे खुद्द रुग्णाला कळत नाही. त्याच्या कानाला तो नेहमीसारखाच बोलत असतो. उलट आपण ‘बाबा, जरा मोठ्याने’ म्हटले आणि त्याने सर्वांना ऐकू जाईल असा आवाज काढला, तर त्याला वाटते आपण ओरडतो आहोत. मग घरात काय होते? बाबा म्हणतात, तुम्हा सगळ्यांचे कान बिघडले. सून म्हणते, मामंजी मुद्दाम पुटपुटतात. चेहऱ्याचे स्नायूही आखडलेले असतात, त्यामुळे हसू दिसत नाही, राग दिसत नाही; लोक समजतात माणूस घुम्या झाला. दवाखान्यात डॉक्टर प्रश्न विचारतात आईला, उत्तर देतो मुलगा. घर विकायचे की ठेवायचे, नातीचे लग्न कुठे ठरवायचे, हे तिच्या समोर बसून ठरते आणि तिला कोणी विचारत नाही. माणूस जिवंत असतो, शुद्धीवर असतो, त्याला मत असते. पण घरात त्याचे मत मोजले जात नाही. याला आपण म्हातारपण म्हणून मोकळे होतो.

आपल्या चळवळीच्या दृष्टीनेही हा प्रश्न लहान नाही. नामांतराच्या लढ्यात ज्यांनी रस्त्यावर घोषणा दिल्या, ती तरुण पिढी आज सत्तरीच्या आसपास आहे. कंपवात मुख्यतः साठीनंतर गाठतो. या लोकांनी फार लिहून ठेवलेले नाही, त्यांचे सारे तोंडी आहे. सभा, जलसे, वस्तीतल्या बैठका, सगळे बोलण्यावर चालले. तेव्हा अशा कोणाला या आजाराचे निदान झाले असेल, तर आवाज शाबूत आहे तोवर त्यांच्या आठवणी मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणू नका.

आता उपायांकडे वळू. गोळ्यांनी (लेवोडोपा हे मुख्य औषध) हातापायांची हालचाल बरीच सुधारते. आवाजाला तिचा फायदा मात्र थोडा आणि बेभरवशाचा. मेंदूत तारा बसवण्याची जी महागडी शस्त्रक्रिया आहे, तिने कंप कमी झाला तरी काही रुग्णांचे बोलणे उलट बिघडते. ही गोष्ट शस्त्रक्रियेला होकार देण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावी.

आवाजाला खरा आधार मिळतो तो व्यायामाने. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत लोरेन रेमिग या वाचातज्ज्ञ बाईंनी एक पद्धत विकसित केली आणि तिला ली सिल्व्हरमन या कंपवाताच्या रुग्ण बाईंचे नाव दिले. या बाई काय बोलतात ते आम्हाला ऐकू यावे, एवढीच त्यांच्या घरच्यांची इच्छा होती. पद्धतीचे सूत्र एका शब्दाचे आहे: मोठ्याने! जिभेची ठेवण, श्वासाचे तंत्र असली दहा पथ्ये रुग्णाला सांगत बसत नाहीत. आवाज मोठा केला की श्वास, ओठ, जीभ मागोमाग कामाला लागतात. आठवड्यात चार बैठका, चार आठवडे, अशा सोळा बैठका. प्रत्येक बैठक सुमारे तासाभराची, शिवाय रोज घरचा अभ्यास. दीर्घ श्वास घेऊन ‘आ’ हा स्वर मोठ्याने, जमेल तितका लांबवायचा. तो खालून वर, वरून खाली न्यायचा. मग रोजच्या वापरातली दहा वाक्ये त्याच आवाजात म्हणायची. ‘चहा झाला का?’, ‘माझी गोळी द्या’, ‘फोन मला द्या’, अशी स्वतःच्या घरातली वाक्ये. मग वाचन, मग गप्पा. मेंदूतले बिघडलेले माप पुन्हा लावून घेण्याचा हा प्रकार आहे. जे ओरडल्यासारखे वाटते तेच योग्य, हे रुग्णाच्या अंगवळणी पडावे लागते.

हे केवळ सांगोवांगीचे नाही. ब्रिटनमध्ये ३८८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. या पद्धतीने शिकलेल्यांना आवाजाचा त्रास स्पष्टपणे कमी जाणवला. तिथल्या सरकारी सेवेतले नेहमीचे, कमी बैठकांचे वाचा-उपचार मात्र काहीच न केल्यापेक्षा सरस ठरले नाहीत! कधीमधी पंधरा मिनिटे ‘बोला आजोबा’ म्हणण्याने भागत नाही, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. त्याच चाचणीत काहींच्या घशाला ताण पडल्याचेही आढळले, म्हणून सुरुवात वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. तज्ज्ञ गावात नसेल तर व्हिडिओ कॉलवरही हे शिकता येते. मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आधार देण्याचे काम करतात. वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाणी आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

एकदा शिकल्यावर सरावाला खर्च नाही. हाच पेपर घ्या आणि रोज सकाळी अग्रलेख मोठ्याने वाचा, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल असा. विहारात सामूहिक वंदना होते, तिथे आवाज दाबून बसू नका. समूहात म्हटल्याने मन उभारी धरते हे खरे. पण तेवढ्यावर उपचार झाला असे समजू नये. महत्त्वाचे बोलणे गोळीचा अंमल चांगला असतो त्या वेळेसाठी राखून ठेवावे. बोलण्याआधी थुंकी गिळावी, श्वास घ्यावा, लहान वाक्ये बोलावीत. शब्द घाईने धावत असतील तर बोटाने मांडीवर ठेका धरून एकेक शब्द टाकावा. एवढे करूनही भागले नाही, तर शिक्षक वर्गात कमरेला लावतात तसला लहान माईक-स्पीकर वापरायला लाज कसली? पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता लगेच डॉक्टरांकडे जावे. तेच स्नायू गिळण्याचेही काम करतात आणि घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते.

पण सारा भार रुग्णावरच का? ऐकणाऱ्याने टीव्ही बंद करावा, स्वयंपाकघरातून ओरडून विचारण्यापेक्षा समोर येऊन बसावे, वाक्य अर्ध्यातून स्वतः पुरे करू नये. समजले नसेल तर ‘हो हो’ म्हणून मान हलवू नये. कळले तेवढे सांगून राहिलेले पुन्हा विचारावे. यात दोन मिनिटे जास्त जातात. जाऊ द्यावीत.

आणि शासनाचे काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि त्यात कंपवाताचा नावानिशी समावेश केला. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर प्रमाणपत्राच्या आधारे सवलती मागता येतात. किती घरांना हे ठाऊक आहे? लेवोडोपाची गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आवाजाचा व्यायाम कुठल्या यादीत आहे? खाजगीत सोळा बैठकांची फी भरणे हातावर पोट असलेल्या घराला झेपणारे नाही, आणि रोजंदारी बुडवून म्हाताऱ्याला महिनाभर शहरात घेऊन जाणार कोण? २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर जी केंद्रे ठरली, त्यांत वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद धरलेले आहे. ते १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच इमारतीत केसपेपर काढून बसलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला त्या दारातून आत जाता येत नाही. ११ एप्रिलला, जेम्स पार्किन्सन यांच्या जन्मदिनी, जागतिक पार्किन्सन दिन पाळतात. त्या दिवशी आपल्या कार्यकर्त्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यावे. लांबलचक नको, मागण्या दोनच: प्रौढांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञाचे वेगळे पद, आणि ते भरेपर्यंत आठवड्यातून चार दुपारी या रुग्णांसाठी बाहेरून तज्ज्ञ बोलावण्याची सोय.