दख्खनच्या पठारावरील द्राक्षविद्या

हिवाळ्याची चाहूल लागताच पाने गाळून निद्रिस्त व्हावे, वसंतागमनाबरोबर डोळे फोडावेत, वर्षाकाठी एकदाच फुलावे आणि शरदाच्या सुमारास फळ देऊन पुन्हा विश्रांती घ्यावी, असा ज्या वेलीचा समशीतोष्ण मुलखातील पिढ्यानपिढ्यांचा क्रम, ती द्राक्षवेल नाशिक, सांगली, सोलापूरच्या माळरानावर आली तेव्हा तिच्या स्वभावालाच मुरड घालणे भाग पडले. येथील थंडी तिला निद्रा आणण्याइतकी कडक नाही. मोकळी सोडली तर ती बारमास हिरवी राहून वाढतच जाते. चौदाव्या शतकात दौलताबादेस येऊन गेलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात अशी नोंद आपल्या प्रवासवृत्तांतात केली आहे. त्या परदेशी प्रवाशाला ज्याचे नवल वाटले तेच येथील बागाईतदाराला पुढे अडचणीचे झाले. कारण दोनदा फळणारी वेल लवकर थकते, आणि पावसाळ्याच्या तोंडी येणारा बहर आंबट राहतो किंवा वेलीवरच कुजतो.

या अडचणीतून ‘दोन छाटण्या, एक पीक’ ही जी रीत दख्खनमध्ये रूढ झाली, ती माझ्या मते येथील द्राक्षशेतीतील सर्वांत मोलाची गोष्ट होय. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून वेल जवळजवळ बोडकी करायची, तिच्यावर नव्या काड्या वाढू द्यायच्या, आणि त्या पक्व झाल्या की ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्यांच्यावरच फळ घ्यायचे, असा हा क्रम आहे. कोयता किंवा कात्री घेऊन माणूस येथे निसर्गाच्या हिवाळ्याचे काम करतो. मात्र हा बनावट हिवाळा वेलीला पुरता पटत नाही व डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून छाटणीनंतर राखलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करावे लागते.

खरे नाट्य घडते ते एप्रिल छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत, आणि ते उघड्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येणारा घड आदल्या उन्हाळ्यात, काडीवरच्या मोहरीएवढ्या डोळ्याच्या पोटात ठरून गेलेला असतो. त्या डोळ्यात प्रथम एक अनिश्चित स्वरूपाचा अंकुर तयार होतो. तो घड व्हायचा की बाळी (वेलीचा तणावा), हे वेलीतील संप्रेरकांच्या समतोलावर अवलंबून असते. सायटोकायनिनांचे प्राबल्य असेल तर घड, जिबरेलिनांचे असेल तर बाळी. स्वच्छ ऊन, बेताचे पाणी आणि हात राखून दिलेले नत्र ही घडाच्या बाजूची मंडळी. ढगाळ हवा, दाट सावली आणि युरियाची उधळण ही बाळीच्या बाजूची. जाणता शेतकरी मे महिन्यात पाणी तोडतो, शेंडा खुडतो, सातव्या पानाच्या आसपास सबकेन (उपकाडी) घेतो. त्यामागे वेलीची वाढ रोखून तिला फळाकडे वळवण्याचा हेतू असतो.

ऑक्टोबर छाटणीपूर्वी बागेतील निवडक काड्या प्रयोगशाळेत डोळे तपासणीसाठी नेण्याचा प्रघात आता चांगला रुळला आहे. टेबलावर काडी आडवी ठेवून तंत्रज्ञ धारदार पात्याने एकेक डोळा अलगद चिरतो, त्यावरची तपकिरी शल्के आणि आतील कापसासारखी लव बाजूला सारतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. फलधारक डोळ्यात हिरवट-पांढऱ्या, गोलसर उंचवट्यांचा एक पुंजका स्पष्ट दिसतो. वांझ डोळ्यात त्या जागी नुसते निमुळते टोक असते. कोणत्या क्रमांकाच्या डोळ्यात घड आहे याचा कागद हातात पडला की काडी कोठे कापायची ते ठरते. तीन-चार डोळ्यांवर काडी कापली आणि घड सहाव्या-सातव्या डोळ्यात होता, तर वर्षाचे उत्पन्न कात्रीनेच गेले. इतक्या अल्प खर्चात इतके मोठे नुकसान टाळणारी तपासणी शेतीच्या अन्य क्षेत्रांत क्वचितच आढळेल.

आता वाणांविषयी. मुंबई इलाख्याच्या काळात पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी फळझाडांवर जे काम केले, त्यातून ‘चीमा साहेबी’ हे द्राक्ष निघाले. पेरूची ‘लखनौ-49’ ही आजही सर्वत्र लावली जाणारी जातदेखील, नाव उत्तरेचे असले तरी, 1927 साली त्याच केंद्रात निवडली गेली. नाशिककडे तेव्हा भोकरी होती. बियांची, जाड सालीची, पण काटक. पुढे कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकात विल्यम थॉम्पसनच्या नावाने प्रसिद्धी पावलेले, परंतु वंशाने मध्य आशियातील किसमिसच असलेले बिनबियांचे ‘थॉम्पसन सीडलेस’ महाराष्ट्रात स्थिरावले आणि जुन्या जाती मागे पडल्या.

या थॉम्पसनचे दख्खनमध्ये जे पुढचे रूप झाले ते शेतकऱ्यांच्या नजरेतून झाले. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी आपल्या बागेत वेगळ्या वळणाची वेल हेरली, तिच्या काड्या राखल्या, वाढवल्या, आणि ‘तास-ए-गणेश’ हा वाण उदयास आला. सोलापूरजवळच्या नानज येथील काळे कुटुंबाने अशाच डोळस निवडीतून ‘सोनाका’ आणि काळ्या द्राक्षातील ‘शरद सीडलेस’ दिले. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत हे कायिक उत्परिवर्तन; एखाद्या डोळ्यात आपोआप घडलेला आनुवंशिक पालट. असा पालट हजारो वेलींत एखाद्या काडीवर होतो आणि बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही. तो ओळखण्यासाठी रोज त्याच ओळींतून फिरणारा माणूस लागतो, आणि तो वेगळेपणा जपून ठेवण्याइतकी चिकाटी लागते. या निवडीला संशोधन म्हणण्यास ज्यांना संकोच वाटतो त्यांच्याशी माझा स्पष्ट मतभेद आहे.

बिनबियांच्या द्राक्षाला मात्र एक जन्मजात उणीव आहे. फळातील बी हे केवळ पुढच्या पिढीचे साधन नसून फळ फुगवणाऱ्या संप्रेरकांचा झराही असते. थॉम्पसनच्या मण्यात गर्भधारणा होते, पण गर्भाची वाढ लवकरच थांबते. बी विरून जाते, आणि त्याबरोबर तो झराही आटतो. म्हणून हा मणी स्वभावतः लहान. ही उणीव भरून काढणारे द्रव्य सापडले ते द्राक्षाच्या बागेत नव्हे, तर भाताच्या खाचरात. भाताची रोपे अवास्तव उंच, पिवळी आणि फोल होण्याचा एक बुरशीजन्य रोग जपानात होता. फोर्मोसा बेटावर काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी 1926 साली दाखवून दिले की, बुरशी गाळून काढलेल्या द्रवानेसुद्धा रोपे तशीच वाढतात, म्हणजे दोष बुरशीच्या एखाद्या स्रावात आहे. तेइजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्या स्रावाला जिबरेलिन हे नाव दिले. महायुद्धानंतर हे ज्ञान पाश्चात्त्य जगात पोहोचले, आणि 1950 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील रॉबर्ट वीव्हर यांच्या प्रयोगांनी बिनबियांच्या द्राक्षावरील त्याचा परिणाम सिद्ध केला.

आज ‘जीए’ (जिबरेलिक आम्ल) हा शब्द निफाड-दिंडोरीच्या घराघरांत आहे. घड पोपटी रंगाचा असताना लिटरमागे 10 मिलिग्रॅम इतके सौम्य द्रावण फवारले की देठ लांबतो व घड मोकळा होतो. पुढे मणी ज्वारीएवढे झाले की डिपिंग सुरू होते. मजूर स्त्रिया मंडपाखालून ओळीने चालतात, एका हाताने द्रावणाचा मग घडाखाली धरतात, घड पुरता बुडवतात आणि काढताच त्याला हलका झटका देतात, कारण मण्याच्या टोकाशी थेंब लोंबत राहिला तर तेथे डाग उमटतो. त्यांच्या आगेमागे विरळणी करणाऱ्या टोळ्या असतात. नाशिक जिल्ह्यात त्या बहुधा पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या. बारीक कात्रीने दाटीतले मणी काढून टाकणाऱ्या या हातांना कोठे किती मणी ठेवायचे याचा जो अंदाज आहे, तो कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही. युरोपच्या बाजारात जाणारा 16 ते 18 मिलिमीटरचा एकसारखा मणी हा या संयुक्त कारागिरीचा परिणाम. मे महिन्यात डोळ्यातील घडाचे वैरी असणारे जिबरेलिन डिसेंबरात त्याच घडाचे पोषण करते, हे ध्यानात घेतले म्हणजे कृषिशास्त्रात मात्रेइतकेच वेळेला महत्त्व का असते ते उमगते.

खुंटाविषयी थोडक्यात सांगतो. युरोपने अमेरिकन रानटी द्राक्षांचे खुंट स्वीकारले ते मुळांवरील फिलोक्सेरा किडीच्या भयाने. आपण टेक्सासचा ‘डॉगरिज’ स्वीकारला तो क्षारयुक्त जमीन आणि पाण्याचा दुष्काळ यांच्या भयाने. शेतात आधी खुंट लावून त्यावर पाचर कलम बांधण्याची रीत आली आणि खारवटलेल्या जमिनीतही बागा उभ्या राहिल्या.

रोगांपुढे मात्र विद्या अजून नम्र आहे. केवडा, भुरी आणि करपा या त्रयीतील केवड्यावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण हा 1885 साली मियार्दे यांनी फ्रान्समध्ये प्रसिद्ध केलेला उपाय आजही उपयोगी पडतो. पण फुलोऱ्याच्या ऐन वेळी अवकाळी पाऊस कोसळला की सगळे वेळापत्रक विस्कटते. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळासोबत आलेल्या पावसानंतर केवड्याने ज्या बागा गेल्या, त्यांची आठवण बागाईतदारांत अद्याप ताजी आहे.

त्याच हंगामात दुसरा आघात झाला तो सूक्ष्म अवशेषांचा. 1991 साली स्थापन झालेल्या ‘महाग्रेप्स’ने सहकारी संघांना निर्यातीची वाट दाखवली होती, पूर्वशीतन, शून्य अंशाच्या जवळपासची शीतगृहे, पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारे कागद, असा सगळा सरंजाम उभा राहिला होता. परंतु 2010 मध्ये युरोपात उतरलेल्या मालात क्लोरमेक्वाट हे वाढरोधक द्रव्य मर्यादेबाहेर सापडले आणि पेट्या अडकून पडल्या. हे द्रव्य घडावर मारलेले नव्हते. एप्रिल छाटणीनंतर काडी आखूड राहावी म्हणून वापरलेले वेलीत टिकून राहिले व फळात उतरले. तेव्हापासून पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अवशेष प्रयोगशाळेचे महत्त्व सर्वांना पटले. किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंतचा अंश तेथे मोजता येतो, आणि निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ‘ग्रेपनेट’ या नोंदवहीमुळे पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. जो काटेकोरपणा परदेशी ग्राहकासाठी आपण पत्करला तो पुण्या-मुंबईच्या मंडईतील द्राक्षालाही सक्तीचा व्हावा, असे मला अत्यंत कळकळीने वाटते. आपल्या मुलांच्या ताटातील फळाची तपासणी कमी प्रतीची का असावी?

बेदाण्याची कथा याहून सुखाची आहे. मण्यावरील मेणाचा थर पाणी बाहेर जाऊ देत नाही. तो सैल करण्यासाठी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात घड बुडवतात. रोमन ग्रंथकार कोलुमेला याने राखेचे क्षारजल आणि तेल यांत द्राक्षे बुडवण्याची जी कृती सांगितली तिचेच हे शास्त्रशुद्ध रूप. तासगाव भागात 22 अंश ब्रिक्स गोडीची द्राक्षे अशी बुडवून शेडमधील जाळ्यांच्या थरांवर पसरतात. कोरड्या वाऱ्याने पंधरवड्याच्या आत हिरवट-पिवळा बेदाणा तयार होतो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा. बाजार पडला तर नाशवंत माल फेकून देण्याची पाळी या हुन्नरामुळे टळली. 2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पुढचा प्रश्न वाणांच्या मालकीचा आहे. आर्वे किंवा काळे यांच्या वाणाच्या काड्या सोयऱ्याधायऱ्यांतून, संघाच्या मेळाव्यांतून गावोगाव गेल्या. आता येणारे रंगीत, कुरकुरीत परदेशी वाण पेटंटाने बांधलेले आहेत. स्वामित्वशुल्क भरल्याखेरीज ते लावता येत नाहीत, आणि शेजाऱ्याला काडी देणे हा करारभंग ठरतो. त्या वाणांमागे मोठी विद्या आहे हे मान्य केले पाहिजे. बिनबियांच्या दोन जातींचा संकर पूर्वी अशक्यप्राय होता, कारण गर्भ मध्येच खुंटतो; 1980 नंतर कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे तो खुंटण्यापूर्वीच काढून काचपात्रात वाढवण्याचे तंत्र बसवले गेले आणि संकरांचे दार उघडले. संकराची विद्या आपल्याकडेही अज्ञात नाही. रसासाठीचा ‘मांजरी मेडिका’ हा संकर मांजरीनेच दिलेला आहे. ज्याला डिपिंग कमी लागेल, विरळणीवरचा खर्च वाचेल आणि जो नोव्हेंबरच्या पावसात केवड्याला तोंड देईल, असा खाण्याचा वाण आपल्या हवामानातच पारखावा लागेल, आणि संकरापासून लागवडीपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. म्हणून त्यासाठीची आर्थिक तजवीज आताच व्हावी. तिच्यात सरकारबरोबर बागाईतदार संघांनीही वाटा उचलावा. आणि चाचणीच्या ओळी केंद्राच्या आवारापुरत्या न ठेवता बोरगाव, नानज, दिंडोरी येथील शेतकऱ्यांच्या मंडपाखाली लावून त्यांच्या निवडीला निकालात अधिकृत स्थान द्यावे.