ओळखीच्या माणसांचे फोटो

होमाई व्यारावाला यांनी टिपलेले नेहरू अनेकांनी पाहिलेले असतात. विद्यार्थिनी असताना मात्र त्यांचा कॅमेरा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मैत्रिणींकडे वळलेला होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापलेले त्यांचे सुरुवातीचे फोटो बायकांच्या एका सहलीचे. मोठी माणसे नंतर आली, १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्यावर. वृत्तछायाचित्रण याच क्रमाने शिकावे असे मला ठामपणे वाटते, आणि त्यासाठी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरइतकी चांगली जागा शोधूनही सापडणार नाही.

त्या पिढीचा आवडता कॅमेरा रोलिफ्लेक्स. पोटाशी धरून वरून डोकवायचे. काचेवर चित्र डावे-उजवे उलटे दिसे आणि एका रोलवर फोटो निघत फक्त १२. बटण दाबण्याआधी नीट पाहणे भागच होते. मोबाइलने ती सक्ती संपवली. शिकणाऱ्याने ती स्वतःवर घालून घ्यावी: बाजार समितीत सकाळभर थांबायचे आणि फोटो बाराच काढायचे.

तुमसर धानाचे गाव. पोत्यातून ओतल्या जाणाऱ्या धानाचा दाणा न् दाणा हवा असेल तर शटर १/५०० सेकंद लागते. १/१५ ला त्याच दाण्यांची सलग धार होते. राईस मिलमध्ये उजेड कमी आणि हवेत कोंड्याची धूळ. फ्लॅश मारला की धुळीचे कण पांढरे चमकतात, माणूस मागे हरवतो. तिथे दारातून येणारा उजेड हेरून थांबावे लागते. हे थांबणे कोणत्याही पुस्तकातून येत नाही.

रोवणीचे फोटो बहुतेक जण बांधावर उभे राहून, बायांच्या वाकलेल्या पाठींचे काढतात. चिखलात उतरून समोर जावे, ‘मावशी, फोटो काढू का?’ म्हणून विचारावे. मग नाव, गाव, तारीख, कोणाच्या बांधीत काम, मजुरी किती, हे वहीत लिहावे. फोटोखालच्या ओळीत नाव नसेल तर फोटोतली बाई नुसती ‘शेतमजूर महिला’ होऊन जाते, आणि हा मला या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

विषय शेतापुरतेच नाहीत. देव्हाडीला, म्हणजे तुमसर रोड जंक्शनवर, मुंबई-हावडा मार्गातून तिरोडीचा फाटा निघतो. तालुक्यातच मॉइलच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी. आत परवानगीशिवाय जाता येत नाही, पण पाळी सुटताना फाटकाबाहेरचे चेहरे पुष्कळ सांगतात.

रीतसर शिक्षणही हवे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचे वर्ग १९५२ मध्येच सुरू झाले. पण छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेले काम वर्गात बसून होणारे नव्हते. त्यासाठी त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जावे लागले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गावात आणखी एक पहारा असतो. ज्याचा फोटो काढला तो दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटतो आणि ‘असा कसा काढला रे?’ म्हणून विचारतो. एवढा कडक परीक्षक शहरात मिळत नाही. तुमसरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींनी येत्या रोवणीपासूनच सुरुवात करावी, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांना एकेक प्रत हातात नेऊन द्यावी.