कवठाळचं पाणी जातं कुठे?

श्रावणात मनुदेवीला जाऊन येणाऱ्याला हा प्रश्न पडायला हवा. मंदिरासमोरच्या कड्यावरून कवठाळ नदी धबधब्याने कोसळत असते, तुषार अंगावर येतात, शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतं. आणि डोंगरातून बाहेर पडून सपाटीकडे यावं, तर पात्रात नुसते गोटे. जोराच्या पावसाचे दिवस सोडले, तर सातपुड्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या कितीतरी नाल्यांचं पाणी तापीपर्यंत वाहत पोचत नाही. वाटेत ते जमिनीत शिरतं. कुठे शिरतं आणि पुढे त्याचं काय होतं, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भुसावळकरांनी एखादा रविवार या पायथ्याला द्यावा.

तापीचा पूल ओलांडला की उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते. अकलूद, अंजाळे, यावल आणि पुढे चोपड्याचा रस्ता. या रस्त्याने जाताना डोंगर सतत उजव्या हाताला राहतो. मग आडगावकडे वळायचं. वाहनं मंदिराच्या बऱ्याच जवळ जातात, पण माझा आग्रह असा की जंगल सुरू होतं तिथेच उतरून चालायला लागावं. चढ अंगावर येत नाही. लहान मुलं आणि घरातली म्हातारी माणसंही सावकाश चालू शकतात. नवरात्रात आणि यात्रेच्या दिवसांत खानदेशातली असंख्य कुटुंबं आपल्या कुलदेवतेच्या दर्शनाला याच वाटेने येतात. ज्यांना निवांत चालायचं आहे त्यांनी ते दिवस टाळावेत.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग कोरडवाहू शेतं आणि हळूहळू साग, सालई, धावडा, पळस, खैर. अंजन मात्र थांबून पाहावा. जोडपानांचा हा उंच वृक्ष खडकाळ, कोरड्या जमिनीत मुळं खोल घालून उभा राहतो. आपल्याकडच्या उन्हाला पुरून उरणारं याच्यासारखं झाड मला दुसरं दिसत नाही.

आता पायांखाली पाहा. जंगलाच्या तोंडाशी पात्रात डोक्याएवढे, काही ठिकाणी माणसाला न हलणारे गोल गोटे आहेत. जसजसं दक्षिणेला यावं तसतसे ते लहान होत जातात. नंतर खडी, मग वाळू आणि तापीकाठी काळी-पिवळी गाळाची माती. कारण सरळ आहे. सातपुडा हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा डोंगर, आणि त्याची दक्षिणेकडची कड जमिनीतल्या मोठ्या भेगांना धरून आहे. तापीचं खोरं म्हणजे या भेगांलगत खचलेला पट्टा. म्हणून इथे डोंगर हळूहळू उतरत नाही, सपाटीतून एकदम उभा राहतो. उतारावरून धावत आलेल्या पाण्याचा जोर सपाटीला लागताच मोडतो आणि त्याने वाहून आणलेलं ओझं खाली पडतं. सर्वांत जड ते सर्वांत आधी. प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी असा पंख्याच्या आकाराचा ढीग साचला, शेजारशेजारचे ढीग एकमेकांत मिसळले आणि चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेला पायथ्यालगत गोट्या-वाळूचा सलग पट्टा तयार झाला. भूजलशास्त्रात याला बझाडा म्हणतात.

बझाडात पाणी टिकून वाहत नाही, चटकन खाली झिरपतं. आत दगड, वाळू आणि चिकणमातीचे थर एकाआड एक आहेत. दगड-वाळूच्या थरांतून पाणी दक्षिणेकडे सरकतं आणि पुढच्या गाळाच्या जमिनीखाली भरून राहतं. तो गाळ काही ठिकाणी शंभर मीटरांपेक्षाही खोल आहे. यावल-रावेरची केळी याच साठ्यावर उभी राहिली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानांकनात मातीचा आणि हवेचा वाटा आहे, तसा या गोट्यांचाही आहे असं मी मानतो.

याच भेगांचा आणखी एक पुरावा पश्चिमेला आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेने तापतं आणि फटीतून परत वर येतं. तिकडचा रविवार वेगळा काढावा.

आता थोडा हिशेब करू. दीड बाय दीड मीटरवर लावलेल्या केळीची हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. ऐन उन्हाळ्यात ठिबकने एका झाडाला दिवसाला २० लिटर पाणी धरलं, तरी हेक्टरी जवळजवळ ८९ हजार लिटर होतं, आणि तेही रोज. जिल्ह्यात वर्षभरात पाऊस पडतो साधारण ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. पावसाळ्याबाहेरचं पाणी जमिनीतूनच उपसावं लागतं. भरणा कमी आणि उपसा जास्त झाला, म्हणून विहिरी गेल्या, बोअर आल्या आणि बोअरही खोल खोल जात राहिल्या. सातपुड्यातलं पावसाचं पाणी कालव्यांनी वळवून याच पट्ट्यात मुरवायचं, ही तापी महाकाय पुनर्भरण योजनेची कल्पना. तिच्यासाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ रोजी भोपाळला करार झाला. योजना व्हायची तेव्हा होईल. निसर्गाने जी जिरवण आधीच करून ठेवली आहे, ती गोटे-वाळू उपसून आपण मोडतो आहोत, याची मला जास्त काळजी वाटते. पात्रातले गोटे पाहून ‘पडीक जागा’ म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावं की तालुक्याच्या जमिनीत पाणी शिरण्याचं तोंड तेच आहे. तिथे टाकलेला प्लास्टिकचा कचरा, निर्माल्याच्या पिशव्या आणि फुटक्या बाटल्या पहिल्या पुरात याच थरांत गाडल्या जातात.

जायचं कधी? माझं मत भाद्रपद ते मार्गशीर्ष. आषाढ-श्रावणात धबधबा भरात असतो, पण सांभाळावं लागतं. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो आणि उभ्या उतारामुळे लोंढा मिनिटांत खाली येतो. पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, की पात्रातून ताबडतोब बाहेर पडायचं. फोटो राहिला तरी चालेल. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळ असू शकतं, म्हणून धूर आणि गोंगाट नको. चैत्र-वैशाखात यायचंच असेल तर सकाळी लवकर निघून उन्हं चढण्याआधी परतावं. भुसावळचा उन्हाळा काय असतो हे भुसावळकरांना मी काय सांगणार!

मनुदेवी पाहून झालेल्यांनी पूर्वेला रावेर तालुक्यातल्या पालकडे जावं. तिथे सुकी नदीचं खोरं आहे आणि १९६९ मध्ये घोषित झालेलं, १७७ चौरस किलोमीटरचं यावल अभयारण्य. वन विभागाची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात. वाटेत पावरा, बारेला, तडवी आणि कोरकू बांधवांची वस्ती लागते. तिथे कॅमेरा काढण्याआधी रामराम करावा, दोन शब्द बोलावेत. कुठला नाला कधीपर्यंत वाहतो, हे त्यांना नकाशापेक्षा चांगलं माहीत असतं.

हिवाळ्यात परतताना बामणोदची वांगी मिळाली तर घ्यावीत, संध्याकाळचं भरीत होऊन जाईल. आणि आडगावच्या शिवारात एखाद्या केळीच्या बागेपाशी कुणी भाऊ भेटले, तर त्यांना एवढं जरूर विचारावं: तुमच्या वडिलांच्या विहिरीला पाणी किती हातांवर होतं आणि तुमची बोअर आज किती फुटांवर आहे?