हातगाडीवरील गुलाब कुल

मुंबईच्या उपनगरांत वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा गुलाब कुलाशी (रोझेसी) परिचय बहुधा कुंडीतील गुलाबापुरताच असतो. सफरचंद वा नासपती यांची बाग या दमट किनाऱ्यावर कोठून दिसणार? तथापि हिवाळ्यात साकीनाक्यास अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या फळांच्या हातगाड्या अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिल्यास या कुलाचे पुष्कळसे नमुने अल्प मोलात हाती येतात.

नावांवर मात्र विसंबू नये. रस्त्याकडेचा ‘बदाम’ हा हिरड्याचा सगोत्र होय; खरा बदाम प्रूनस प्रजातीतील आहे. गुलाबजांबाच्या फळास गुलाबाचा वास येतो खरा, परंतु त्याचे नाते जांभळाशी आहे.

या कुलाच्या फुलात संदले, पाकळ्या व केसरदले यांचे तळ जुळून एक पेला बनतो. फळांचे वैचित्र्य बरेचसे या पेल्याच्या व पुष्पासनाच्या वाढीवर अवलंबून असते. सफरचंदात तो किंजपुटाशी एकजीव होऊन मांसल होतो; म्हणजे आपण खातो तो मुख्यत्वे पेला, आणि फेकतो तो पाच कप्प्यांचा गाभा. गुलाबात तोच पेला मोकळा राहून सुक्या, एकबीजी फळांना पोटात घेतो. स्ट्रॉबेरीत पुष्पासनच फुगते. त्यावरील तथाकथित बिया ही खरी फळे होत. अलुबुखारात किंजपुटाचे आठळीफळ होते, आणि बदामात आपण आठळी फोडून आतले बीज खातो.

फळांच्या या भेदांवर पूर्वी कुलाचे चार उपकुलांत विभाजन करीत. 2007 साली पॉटर व सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे तीन उपकुले मांडली, आणि सफरचंद व अलुबुखार एकाच उपकुलात आले. सफरचंदाच्या 17 गुणसूत्रांचा उगम 8 व 9 गुणसूत्रांच्या पूर्वजांच्या संकरात आहे, असे पूर्वी शिकवीत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या जीनोमावरून 9 गुणसूत्रांच्या पूर्वजात संपूर्ण संचाचे द्विगुणन झाल्याचे दिसते.

मग मुंबईत गुलाब फुलतो आणि सफरचंद का नाही? सफरचंदाच्या रूढ वाणांच्या कळ्यांची सुप्तावस्था मोडण्यास सुमारे हजार तासांची थंडी लागते. आधुनिक गुलाबांत चिनी गुलाबाचे रक्त असून त्यापासून त्यांना बारमाही बहराचा गुण मिळाला. फुलोऱ्यास आवर घालणारे एक जनुक त्यात निकामी झालेले असते. रानटी स्ट्रॉबेरीच्या सदाफुली प्रकारांतही तेच जनुक बिघडलेले आढळले (2012). हा योगायोग मोठा बोधप्रद वाटतो.

बागेतील स्ट्रॉबेरीची कथाही संकराचीच आहे. फ्रेझिए याने 1714 साली चिलीहून फ्रान्सला नेलेली रोपे मादी होती. उत्तर अमेरिकेच्या जातीचे पराग मिळाल्यावर त्यांना फळे धरली आणि नवी संकरजात निपजली. तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच (एकूण 56) असून तिची बियांपासूनची संतती मातृगुण राखीत नाही. म्हणून सुमारे 1,350 मीटर उंचीवरील महाबळेश्वरचा शेतकरी धावत्या खोडांपासून रोपे करतो. तेथील स्ट्रॉबेरीस 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरी विंटर डॉन, स्वीट चार्ली ही तेथे लावली जाणारी वाणे अमेरिकेत निपजलेली आहेत, आणि मातृरोपेही मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावी लागली आहेत. त्याच डोंगरांत रुबस प्रजातीच्या रानटी जाती आपोआप वाढतात. त्यांच्याकडे आपल्या संशोधकांचे लक्ष त्या मानाने फारच थोडे गेले आहे.