कोरफडीची पिल्लं वेगळी कशी करायची? आणि लावल्यावर लगेच पाणी का घालायचं नाही?

गॅलरीतली कोरफड दोन-तीन वर्षांत कुंडीत मावेनाशी होते. मूळ रोपाभोवती पिल्लांची गर्दी होते आणि पानं बारीक पडतात. मग एखाद्या रविवारी पिल्लं उपटून दुसऱ्या कुंडीत लावली जातात, वरून तांब्याभर पाणी घातलं जातं. काही दिवसांतच रोप बुडाशी मऊ होऊन कोलमडतं.

माणदेशातल्या उन्हात तग धरणारी वनस्पती घरात का मरते? बहुतेक वेळा कारण एकच असतं, जास्तीचं पाणी.

कोरफड पाण्याशिवाय कशी जगते?

कोरफड, घायपात, पानफुटी या वनस्पती जाड पानांत पाणी साठवतात. बहुतेक झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं दिवसा उघडतात, तर या वनस्पती ती मुख्यतः रात्री उघडतात. रात्री हवा थंड असल्याने पानांतलं पाणी कमी उडतं. म्हणूनच कुंडीबाहेर काढलेलं पिल्लू आठवडाभर कोरडं राहिलं तरी मरत नाही. उलट ताजी जखम ओल्या मातीत गेली, तर तिथून बुरशी शिरते आणि रोप सडतं.

पिल्लं कशी वेगळी करायची?

१. आधी तीन-चार दिवस पाणी बंद ठेवा. कोरडी माती सहज सुटते.

२. कुंडी आडवी करून पूर्ण रोप बाहेर काढा. वरून पिल्लू ओढलं तर मुळं तुटतात.

३. बोटभर उंचीची आणि स्वतःची मुळं असलेली पिल्लं निवडा. हाताने सुटली नाहीत, तर स्वच्छ सुरीने कापा. घायपात असेल तर हातमोजे घाला, तिच्या रसाने खाज सुटते.

४. पिल्लं सावलीत दोन-तीन दिवस तशीच ठेवा. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरली पाहिजे.

५. लहान, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावा. पानांचा बुंधा मातीत गाडू नका.

६. पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी द्या. त्यानंतर बोट खुपसून पाहा, आतली माती पूर्ण कोरडी झाल्यावरच पुन्हा पाणी द्या.

पहिले दोन-तीन आठवडे कुंडी थेट उन्हात ठेवू नका. पानं थोडी तांबूस झाली किंवा आकसली तरी घाबरू नका. मुळं धरली की ती पुन्हा भरतात.

माती कोणती घ्यायची?

कृष्णाकाठची काळी माती उसाला उत्तम, पण कोरफडीला ती मानवत नाही. ही माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की घट्ट होऊन भेगाळते. त्यामुळे एक भाग माती, एक भाग जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा आणि थोडं शेणखत असं मिश्रण करा. बांधकामाची वाळू वापरणार असाल, तर आधी धुऊन घ्या, कारण बारीक धूळ निचरा अडवते.

कधी लावायची?

महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातले माण-खटाव आणि सांगलीतले जत-आटपाडी हे तालुके अवर्षणग्रस्त आहेत. त्यामुळे सगळीकडे एकच वेळापत्रक चालत नाही. घाटाकडे राहत असाल, तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. पूर्व भागात पावसाळ्याच्या सुरुवातीलाही चालेल, फक्त कुंडी आडोशाला ठेवा. एप्रिल-मेचा कडाका मात्र सगळीकडेच टाळा.

डोंगरावरचं रोप घरी आणावं का?

नाही. शिंदळ माकडी ही मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रात, कड्यांच्या कपारीत आढळते. सातारा जिल्ह्यात सज्जनगडावर तिची नोंद आहे. तिचं शास्त्रीय नाव, फ्रेरिया इंडिका, १८६० च्या दशकातले मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून पडलं. ही वनस्पती दुर्मीळ आहे. कपारीतून एक रोप गेलं, तरी तिथली जागा कायमची रिकामी होऊ शकते.

खरं तर ती खोडाच्या तुकड्यापासूनही वाढवता येते, म्हणूनच वनस्पती उद्यानांत तिची रोपं तयार करणं शक्य झालं. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या कास पठारावरूनही काहीच उपटू नका.

हौस भागवायला शेजाऱ्याची गच्च भरलेली कुंडी पुरेशी आहे. एक पिल्लू मागून घ्या, दोन-तीन वर्षांनी तुमच्याकडेही वाटायला पिल्लं असतील.