गाडी नवी, फोटो काळा! साध्या कॅमेऱ्याने रात्री गाडीचे फोटो कसे काढायचे?

शोरूममध्ये कागदपत्रं, इन्शुरन्स, हार, नारळ हे सगळं उरकेपर्यंत संध्याकाळ होते. तिथून मोताळामार्गे धामणगाव बढेला पोचायचं म्हणजे अंधार पडणारच. गाडी घरासमोर उभी राहते, चाकाखाली लिंबू ठेवतात, आजीला पुढच्या सीटवर बसवतात आणि कुणीतरी घरातला कॅमेरा काढतो. खटाखट वीस फोटो. सकाळी बघावं तर हेडलाईटच्या जागी दोन पांढरे गोळे, नंबर प्लेट नुसती चकाकलेली, गाडी काळोखात गडप आणि आजी हललेली.

मग खापर कॅमेऱ्यावर फुटतं. ‘अंधारात फोटो काढायचा तर महागडा कॅमेराच पाहिजे’ असं म्हणून विषय संपतो. पण कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० सारखा सुरुवातीचा कॅमेरा आणि त्याच्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स या कामाला पुरते. चुकतो तो ऑटो मोड आणि हातात धरलेला कॅमेरा.

अंधारात नेमकं काय बिघडतं?

नळाला बारीक धार असली तरी हंडा भरतो, फक्त वेळ लागतो. रात्रीच्या फोटोचं तसंच आहे. प्रकाश कमी असेल तर शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. ऑटो मोडला मात्र माहिती असतं की कॅमेरा माणसाच्या हातात आहे आणि हात हलणार आहे. म्हणून तो शटर लवकर बंद करायला बघतो आणि प्रकाशाची कसर आयएसओ वाढवून भरून काढतो. आयएसओ म्हणजे लग्नातल्या साऊंड सिस्टीमचा आवाज समजा. माईकमध्ये आवाज बारीक येत असेल आणि तुम्ही व्हॉल्यूम वाढवला, तर बोलणं मोठं होतं आणि खरखरही. फोटोत दिसणारे दाणे म्हणजे तीच खरखर.

आता आकडे बघू. गावातल्या रस्त्याच्या दिव्याखाली आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८ आणि शटर १० सेकंद इथून सुरुवात करायला हरकत नाही. हाच फोटो हातात धरून काढायचा म्हणून आयएसओ ६४०० केला, तरी शटर साधारण १/६ सेकंदच मिळतं. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणजे खरखर पदरात पडली आणि फोटोही हलला.

त्यामुळे पहिला खर्च लेन्सवर नको, कॅमेरा स्थिर ठेवण्यावर करा. ट्रायपॉड असेल तर उत्तम. नसेल तर स्टूलवर किलोभर तांदळाची पिशवी ठेवा आणि तिच्यावर कॅमेरा टेकवा. तांदूळ कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे दबतात, त्यामुळे तो डगमगत नाही. बटण दाबतानाही धक्का बसतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर या वेळी बंद ठेवा. कॅमेरा मुळीच हलत नसताना काही लेन्सेस उगाच दुरुस्ती करायला जातात.

मोड मॅन्युअल ठेवायचा. १० सेकंदांत फोटो काळपट आला तर २० करा, जास्त उजळला तर ५. पॅरिसच्या रात्रींचे फोटो काढून १९३० च्या दशकात गाजलेला ब्रासाई हा फोटोग्राफर तर सिगारेट किती जळली यावर शटरचा वेळ मोजायचा, असं सांगतात. तुमच्याकडे निदान स्क्रीन आहे.

फोकसचा घोळ वेगळाच. अंधारात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे होत राहतो. मोबाईलचा टॉर्च हेडलाईटच्या कडेवर मारा, फोकस झाला की लेन्सचं बटण ‘एमएफ’ वर न्या आणि मग लेन्सला हात लावू नका.

काळोख होण्याआधीची वीस मिनिटं

रात्रीचे म्हणून व्हायरल होणारे कितीतरी फोटो खरं तर रात्रीचे नसतात. ते सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात काढलेले असतात. तेव्हा आकाश काळं नाही, गडद निळं असतं. त्यामुळे गाडीच्या टपाची आणि बॉनेटची कड उठून दिसते. पूर्ण काळोखात काळी गाडी आणि काळं आकाश एकच होऊन जातं. बुलढाणा जिल्ह्याच्या या भागात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सातनंतर. म्हणजे हिवाळ्यात सहाच्या ठोक्याला कॅमेरा लावून तयार राहायचं. या वेळी प्रकाश मिनिटामिनिटाला उतरतो, म्हणून शटरचा आकडा वाढवत राहावं लागतं.

पौर्णिमाही कामाची आहे. दिवे नसलेल्या शेतरस्त्यावर एफ/४, आयएसओ ४०० आणि ३० सेकंद ठेवले तर चांदण्यात गाडी आणि मागचं शिवार दोन्ही दिसतं. ही मजा शहरातल्या फोटोग्राफरला सहसा मिळत नाही.

गाडी म्हणजे आरसा

गाडीचा पत्रा हा आरसाच असतो, आणि रात्रीच्या फोटोत सगळ्यात जास्त घात तोच करतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश समोरून मारला की पत्र्यावर एक पांढरा ठिपका उमटतो, बाकी अंधार तसाच राहतो. नंबर प्लेट तर प्रकाश आला तिकडेच परत पाठवण्यासाठी बनवलेली असते, म्हणून ती जळल्यासारखी दिसते. प्रकाश गाडीवर थेट मारायचा नाही, पत्र्यात त्याचं मोठं, मऊ प्रतिबिंब पडेल असं बघायचं. दोघांना पांढरी चादर ताणून धरायला सांगा आणि टॉर्च त्या चादरीवर मारा. गाडीच्या अंगावर लांबलचक स्वच्छ रेघ उमटते. शोरूमच्या जाहिरातीत दिसते, साधारण तशीच.

माणसं नसतील तर एकट्याने टॉर्च घेऊन फिरा. शटर ३० सेकंद, कपडे गडद, टॉर्च सतत हलता आणि कॅमेऱ्याकडे पाठ. ३० सेकंदांत चालत राहिलेला माणूस फोटोत जवळजवळ उमटतच नाही, टॉर्चने उजळलेली गाडी मात्र उमटते. हेडलाईटही पूर्ण वेळ चालू ठेवायचे नाहीत. त्या ३० सेकंदांत एक-दोन सेकंद लावून बंद केले तरी दिवे पेटलेले दिसतात आणि पांढरे गोळे होत नाहीत.

ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब झकास पडतं, म्हणून इंस्टाग्रामवरचे बरेच जण रस्त्यावर पाणी मारतात. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात हा सल्ला कुणी देऊ नये. पाऊस पडून गेल्यावरचा अर्धा तास पकडा, फुकटात काम होतं.

आजीचं काय?

१० सेकंद कुणीच पुतळ्यासारखं उभं राहत नाही. म्हणून घरच्यांसोबतच्या फोटोचं गणित वेगळं. कॅमेरा टेकवलेलाच ठेवा, आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत वाढवा, शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास आणि फ्लॅश चालू, पण त्याची ताकद कमी करून. फ्लॅश माणसांना क्षणात पकडतो आणि उघडं राहिलेलं शटर मागचं घर, दिवे, आकाश गोळा करतं. गाडी किंचित तिरकी लावा, म्हणजे फ्लॅश पत्र्यावरून सरळ परत येत नाही. बऱ्याच बेसिक कॅमेऱ्यांत ‘नाइट पोर्ट्रेट’ नावाचा मोड हेच काम करतो. फक्त फ्लॅश उडाला की लगेच हलायचं नाही, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

कुठे काढायचे, कुठे नाही

घरासमोरचा रस्ता, बाजार उठल्यावरची मोकळी जागा, परवानगी घेऊन शाळेचं मैदान, एवढं पुरेसं आहे. पेट्रोल पंपाच्या छताचा प्रकाश मोह पाडतो, पण गाडी आणि कॅमेरा पंपाच्या आवाराबाहेरच हवेत, आणि मालकाला विचारूनच.

धावत्या गाड्यांच्या लाल-पांढऱ्या रेषा हव्या असतील तर राजूर घाटाची वळणं आठवणारच. पण घाटात ट्रायपॉड लावून उभा असलेला माणूस वळणावरून येणाऱ्या ट्रकवाल्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. समृद्धी महामार्गाचं तर नावच नको. मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि फोटोसाठी थांबायला बंदी. त्या वेगाने गाडी १० सेकंदांत, म्हणजे तुमच्या एका फोटोच्या वेळात, ३३० मीटरपेक्षा जास्त अंतर कापते. रेषांसाठी गावातल्या एखाद्या घराची गच्ची शोधा. खाली रस्ता असला की १५ सेकंदांच्या शटरमध्ये एखादी एसटी गेली तरी फोटो होतो.

आणि पोस्ट करण्याआधी नंबर प्लेट झाका. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर एवढ्या मेहनतीने काढलेलं निळं आकाश समोरच्याच्या मोबाईलवर चौकोन-चौकोन होऊन पोचतं.